उधाणाची वही

३० जून २००७, शनिवार. पुनव

आज दोन वह्या सुरू केल्या. एक पाण्याची. ती रोशनीने आणून दिली, जाड पुठ्ठ्याची. दुसरी ही, माझी मीच उमेळ्याच्या नाक्यावरून घेतली. पाण्याच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असं पोरीने बजावलंय. मग मनातलं कुठे लिहू? पोटात ठेवलं तर मला ॲसिडिटी होते.

झालं असं. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात आमच्या खाडीकडच्या बांधाला खांड पडली, ती अजून मातीच्या गोण्यांवर उभी आहे. मोठं उधाण आलं की खारं पाणी आत येतं. बांधाआड अकरा घरांची भातशेती आहे आणि पाच विहिरी. गेल्या वर्षी आमचं निम्मं भात पोचट निघालं. तीन अर्ज केले. साहेबलोक येतात, चहा पितात, मान हलवतात, जातात. रोशनी म्हणते, "आई, पाणी येतं पाणी येतं म्हणून ओरडून कोणी ऐकत नाही. डेटा लागतो." ती बी.एस्सी. झालीय, वसई रोडला एका सल्लागाराच्या ऑफिसात आहे. समुद्र किती चढतोय याचा अभ्यास तिच्या ऑफिसाने घेतलाय. मी पाणी मोजायचं, ते अहवाल लिहिणार, तो ठाण्याला जाणार आणि पक्का बांध मंजूर होणार. एवढं सरळ काम आजवर कुणाला सुचलं नाही, माझ्या पोरीला सुचलं!

पेनासारखं एक यंत्र दिलंय. पाण्यात बुडवलं की आकडा येतो. पाचशेच्या आत गोड, हजाराच्या वर मचूळ, दोन हजाराच्या वर खारं.

मोजायचं कधी, हे मला कुणी शिकवायला नको. पुनव, अवस आणि पुढचे दोन दिवस बांधावर एकेका घराची पाळी असते, भरती फिरेपर्यंत बसायचं. सासऱ्यांच्या आधीपासूनची रीत. आमच्या घरची पाळी ह्यांची, पण ह्यांचा गुडघा गेला. (श्रीपत. नवऱ्याचं नाव लिहिलं म्हणून काही त्याचं आयुष्य कमी होत नाही.) तेव्हा मी म्हटलं, बांधावर मी जाते, आणि सगळ्यांच्याच पाळ्या मी घेते. दहा घरांनी इतक्या चटकन हो म्हटलं की मलाच राग आला.

१४ जुलै, शनिवार. अवस

उघाडीच्या वरच्या दगडाला पाणी लागलं. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, पावसाचं पाणी बाहेर सोडतो आणि भरतीला आपोआप मिटतो. सासऱ्यांच्या वेळी सगळ्यात मोठ्या उधाणाला वरून तिसऱ्या दगडापर्यंत पाणी यायचं. हे मी स्वतः पाहिलंय, नवी नवरी होते तेव्हा. आता दोन दगड वर. बाहेरची तिवरं कुणीतरी गेल्या उन्हाळ्यात मुळापासून तोडली, त्यामुळे लाटही थेट येते.

शेजारच्या ॲन्सेल्मदादाच्या विहिरीचा आकडा २१८०. खांडीला सगळ्यात जवळची विहीर तीच. एरवी आळीतली सगळ्यात गोड विहीरही तीच, मे महिन्यात अख्खी आळी तिथे लोटते. फाटक उघडून दिलंन आणि म्हणाला, "काय गो हंसाबाय, हिरीचा ताप बगतं का?"

"ताप नाही, मीठ."

"ते तर माजी जीब पन सांगंल."

म्हटलं, तुमच्या जिभेवर सरकारचा शिक्का नाही.

५ ऑगस्ट, रविवार

रोशनी घरी होती. चिंबोरीचं कालवण केलं. जेवताना विचारलं, "अगं, भांगाच्या दिवसांतही मोजू का?" उधाणांच्या मधल्या त्या दिवसांत भरती बेताची असते, पाणी बांधाला शिवतही नाही. आमच्याकडे तेव्हा बांधावर कुणी फिरकत नाही. पण म्हटलं, अभ्यास आहे तर सगळंच हवं असेल.

तिने ताटातली नांगी उलटसुलट केली. मग म्हणाली, "सरांना विचारते." संध्याकाळी फोनवर बोलून आली. "नको म्हणाले. उधाणाचेच पुरेत. तू कशाला उगाच उन्हापावसात जातेस?"

किती काळजी करते माझी! नाहीतर शेजारच्यांच्या मुली, आईला रेनकोटसुद्धा आणत नाहीत.

२८ ऑगस्ट, मंगळवार. नारळी पुनव

खाडीला नारळ दिला आणि तासाभरात तिने खांड फोडली. गोण्या वाहून गेल्या. आठ वावरांत कमरेएवढं खारं पाणी. आमची राताची रोपं दोन दिवस तग धरतील, तो भाताचा प्रकारच खाऱ्याला सोसणारा, पण त्यालाही काही मर्यादा आहे की नाही.

सासरे म्हणायचे, खाडी घरातली आहे, तिला रागावू नये. आज मी बांधावर उभी राहून तिला मनसोक्त शिव्या दिल्या. घरातलीच परक्यासारखी वागायला लागली तर काय करायचं? परक्याला निदान दार लावता येतं.

आकडे: ॲन्सेल्मदादा ३४१०. आमची विहीर १९६०. बाकी तीन दोन हजाराच्या आसपास.

रोशनीला फोन केला. म्हणाली, "फोटो काढलेस ना आई? छान." मी म्हटलं, छान काय त्यात? म्हणाली, म्हणजे उपयोगी.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार. पुनव

खूप दिवसांनी लिहितेय. कापणी झाली. चार पोती भात कमी.

मासळीवाली आली होती. म्हणते, पाणी तापलं, मासा खोल गेला, होड्या तीन-तीन दिवस बाहेर आणि पाटीत काय, तर मांदेली. तिच्याशी भाव करायची लाज वाटली.

ॲन्सेल्मदादाचे पाय सुजलेत. डॉक्टरने ब्लडप्रेशर सांगितलं आणि मीठ बंद केलं. बिचारा दोन महिने अळणी पेज खातो, दिवसभर तांब्या तांब्या पाणी पितो, तरी सूज हटत नाही. डॉक्टर बदला म्हटलं. आजकालच्या डॉक्टरांना काही कळत नाही. त्याच्या केळींची पानंही कडेने करपलीत, खत कमी पडलं असणार.

त्याच्या विहिरीचा आकडा १५३०.

९ नोव्हेंबर, शुक्रवार. अवस, दिवाळी

रोशनीचे सर फराळाला आले. सोबत आणखी दोघे. गोड बोलणारा माणूस. माझी वही हातात घेऊन पानं उलटली, म्हणाले, "काकू, आमच्या पीएच.डी.वाल्यांना हे जमत नाही." मी लाजले, हे हसले. मग सगळे बांधावर फिरायला गेले. त्या दोघांपैकी एकाने विचारलं, रस्ता इथून किती रुंद करता येईल. मी म्हटलं, बांधाला मातीचे डंपर आणायला सध्याचा रस्ता पुरेल. तो सरांकडे बघून हसला. चकल्या चांगल्या झाल्या होत्या, सगळ्या संपवल्यान.

९ डिसेंबर, रविवार. अवस

रोशनीला बढती! सरांनी आणखी एक हुद्दा दिला. मी ॲन्सेल्मदादाकडे पेढे घेऊन गेले. तो म्हणाला, "तुज्या पोरीनं बांद आनला तर मी चर्चमध्ये तिच्या नावाची मिसा सांगीन." म्हटलं, पोर आली की तिला केळीचा घडही द्या, मिसेने पोट भरत नाही.

रोशनीला सांगितलं, तर नुसतीच "हं" म्हणाली. थकते फार.

८ फेब्रुवारी २००८, शुक्रवार

आज शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी होती. मी इरकली साडी नेसले. बांधाची सुनावणी, असं मी सगळ्या आळीला सांगितलं होतं. अकराच्या अकरा घरं आणली.

रोशनीच्या सरांनी पडद्यावर चित्रं लावली. बाजूला रोशनी बटण दाबत होती. पृथ्वी तापतेय, बर्फ वितळतोय, समुद्र चढतोय. मग अचानक माझं अक्षर! भिंतीएवढं. माझा ॲन्सेल्मदादा, माझे आकडे, माझा तो वेडावाकडा आठ. "स्थानिक महिला शेतकरी श्रीमती हंसा यांनी सात महिने सातत्याने घेतलेल्या नोंदी." लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर नीट केला. खोटं कशाला लिहू, आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

पुढचं वाक्य असं होतं: या पट्ट्यातील सर्व विहिरींचे पाणी वर्षभर खारे असून जमीन शेतीस कायमची निरुपयोगी झाली आहे. बांधावर खर्च करणे व्यर्थ. भराव टाकून हे क्षेत्र घरबांधणीस खुले करावे.

दिवाळीत आलेल्या त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या आळीतल्या कुणाला चटकन कळलंच नाही. मला कळलं. मी रोशनीकडे पाहिलं. ती बटणाकडे बघत होती.

मी उठले. म्हटलं, "साहेब, वही माझी आहे. पण ती नुसत्या उधाणाची आहे. महिन्यातले सहा दिवस. भांगाच्या दिवसांत हेच पाणी आम्ही पितो."

ठाण्याहून आलेले साहेब वयस्कर होते, नीट ऐकून घेतलं. "भांगाच्या नोंदी कुठे आहेत?"

"नाहीत. मी... आमच्याकडे तेव्हा बांधावर जात नाहीत."

हॉल हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "यांनी तुमच्या वहीवर भिस्त ठेवली, मीही ठेवतो. पंधरा मेपर्यंत भांगाच्या नोंदी आणून द्या. तोवर निर्णय करत नाही."

बाहेर ॲन्सेल्मदादा फाटकाशी उभा होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "हंसाबाय, माज्याच हिरीचा पानी माज्याच इरोदात?"

१० फेब्रुवारी, रविवार

रोशनी काल मैत्रिणीकडे राहिली. आज आली. मी भांडी घासत होते, उठले नाही.

"आई, वहीतला एक आकडा खोटा दाखव."

"आकडा खोटा नाही. तू खोटी आहेस."

ती रडायला लागली. रडू दे. लहानपणी पडली की मी धावायचे, आज नाही धावले. म्हणाली, "तुला काय वाटतं, बांध घातला की समुद्र थांबेल? आमच्या ऑफिसात पुढच्या पन्नास वर्षांचा नकाशा आहे. त्यात आपलं घर निळं आहे, आई. ॲन्सेल्मकाकांचं निळं आहे. मी रोज तो नकाशा बघते. तू कमरेत वाकून त्या चिखलात रोपं लावतेस आणि मी तो निळा रंग बघते. मला तुम्हांला आत्ताच बाहेर काढायचंय, जमिनीला कोणी विचारतंय तोवर."

"घर निळं, मग त्यावर बिल्डिंगी कशा उभ्या राहणार?"

"भराव घालून. उंच करून."

"आणि आजचं पाणी कुठे जाणार? खाडी काय तुझ्या सरांना विचारून वळणार? पलीकडच्या वाड्यांत जाईल ना?"

मग मी मनात दोन दिवस घोळवलेलं विचारलं. भांगाचं मोजू का म्हणून मी विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?

ती म्हणाली, "हो."

हो म्हणाली. काहीतरी बहाणा तरी करायचा. मी त्या दिवशी तिला चिंबोरीच्या नांग्या फोडून देत होते.

हे म्हणतात, पोर आहे, चुकते. सव्वीस वर्षांची पोर! मी ह्यांच्याशीही बोलत नाही.

२९ फेब्रुवारी, शुक्रवार. भांग

ॲन्सेल्मदादाच्या फाटकाशी उभी राहिले, हाक मारायचा धीर होईना. त्यानेच कडी काढली. बोलला नाही. मी बालदी सोडली, पेन बुडवलं.

४२०!

त्याच्यापुढे पेन धरलं. वाचता येत नाही त्याला बारीक, चष्मा शोधत बसला. "ग्वाड?" "गोड, दादा. फार गोड." आमची ३९०. पाचही पाचशेच्या आत. भर रस्त्यात नाचायचंच बाकी राहिलं.

वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. आता बघू कोण टाळ्या वाजवतं.

२९ मार्च, शनिवार. भांग

ॲन्सेल्मदादाची विहीर मागच्या भांगाला ४६०. आज ४९०. बाकीच्याही सगळ्या गोड. ॲन्सेल्मदादा पुन्हा बोलायला लागला. आज त्याने चहा दिला. पायाची सूज गुडघ्यापर्यंत आहे, पण तोंडाला धार आलीय. "तुज्या पोरीला सांग, ये आनि पानी पिऊन जा."

ती फोन करते, ह्यांच्याशी बोलते. मी उचलत नाही.

१२ एप्रिल, शनिवार. भांग

६१०. उन्हाळा आहे, विहिरी आटल्यात, असं होतं.

२८ एप्रिल, सोमवार. भांग

११४०.

पेन बिघडलं असं वाटलं. नाक्यावरच्या नळाला जाऊन बुडवलं: १३०. पेन बरोबर आहे. परत आले, पुन्हा बालदी सोडली. ११४०. भांगाचा दिवस, भरती खांडीपासून कितीतरी लांब, आणि पाणी मचूळ. मग हे मीठ आलं कुठून? वरून तर नाही आलं.

जमिनीखालून येतंय. दुसरं काय असणार?

ॲन्सेल्मदादाला म्हटलं, थोडं वाढलंय. त्याने तांब्याभर पिऊन दाखवलं. "माका तर काय लागत नाय." दोन महिन्यांत हळूहळू वाढत गेलेलं, जिभेला कसं लागणार? आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अळणी पेज. सुजलेले पाय. करपलेली केळी. मीच ऑक्टोबरात लिहून ठेवलंय, एका पानावर त्याचे पाय आणि त्याच पानावर १५३०, आणि मी डॉक्टरला नावं ठेवली. मला स्वतःचीच चीड आली.

१२ मे, सोमवार. भांग

शेवटची नोंद. परवा ठाण्याला जायचंय.

आमची ८७०. तीन विहिरी अजून पाचशे-सहाशे. त्या तिघी लांब आहेत, त्यांना वाचवायचं तर बांध हवाच. ॲन्सेल्मदादाची शेवटची ठेवली. २३५०.

तीनदा बुडवलं. तो समोर पायरीवर बसला होता, पाय लांब करून. विचारलंन, "किती?"

मी सांगितलं.

तो खराट्याच्या काड्या मोडत बसला. मग म्हणाला, "ग्वाड लिव."

"दादा..."

"कोन बगाला येनार हाय? वही तुजी. साह्यबानं तुज्यावर इस्वास ठेवलान. च्यारशे लिव. मागच्या टायमाला तुज्या वहीनं माजी वाडी घालवली, आता तीच वही परत आनील. येवढं देनं लागतं तू माजं."

खरं होतं ते. देणं लागतेच मी. मी पेन घेतलं. चाराचा आकडा काढायला काय लागतं? खोटा अहवाल करणाऱ्यांपुढे मी एकच खोटा आकडा लिहिणार होते, आणि तोही त्याच्यासाठी. मला खरंच लिहायचं होतं. पण माझी नजर त्याच्या पायांकडे जात होती. घोटा कुठे आहे ते दिसत नव्हतं. बोट दाबलं तर खड्डा राहील असे पाय. चारशे लिहिलं तर ती विहीर कागदावर गोड होणार, आणि तो उद्या सकाळी तिचं पाणी पिणार, गोड म्हणून.

म्हटलं, "दादा, तुम्ही अळणी खाता आणि मीठ पिता. हे पाणी बंद करा. मी नळाचं आणून देईन, रोज देईन."

"माजा बाप ह्याच पान्यावर नव्वद वर्सं जगला."

"तेव्हा पाणी हे नव्हतं."

"तू लिव. मंग बगू."

मी लिहिलं. २३५०. आठवत असेल ती सगळी देवाची नावं घेत लिहिलं. त्याने वही मागून घेतली, चष्मा लावला, बोट फिरवत आकडा वाचला. वही मिटली आणि मला परत दिली.

म्हणाला, "रोसनी तुजीच पोर गो."

आणि उठून आत गेला, भिंतीला धरत.

१५ मे, गुरुवार

काल वही ठाण्याला दिली. साहेबांनी प्रत्येक पान पाहिलं. शेवटच्या आकड्यावर थांबले, माझ्याकडे पाहिलं. निर्णय पावसाळ्यानंतर.

संध्याकाळी रोशनी आली होती. ह्यांनी तिला सांगितलं असणार. दारातूनच धावत आली. "आई, तू खरं लिहिलंस! मला माहीत होतं, तुला पटेल." मिठी मारली. तिला वाटतंय मी तिच्या बाजूची झाले. मी हात खालीच ठेवले. तिच्या केसांना अजून तोच शिकेकाईचा वास येतो, त्याचाही राग आला.

तिला सांगायला हवं होतं की तू खरे आकडे लिहून घेतलेस ते आम्हांला बुडवायला. पण मीही खरा आकडाच लिहिला आणि ॲन्सेल्मदादा बुडाला. दोन्हींत फरक आहे, मला पक्कं माहीत आहे, पण तिच्यापुढे तो मांडता येईना. त्याच्यापुढे तर नाहीच.

नळाच्या पाण्याचा हंडा काल त्याच्या ओट्यावर ठेवला होता. आज सकाळी पाहिलं, झाकणसुद्धा हललेलं नाही. आतून बालदीचा आणि रहाटाचा आवाज येत होता, तो विहिरीचंच काढत होता. मी शिळं पाणी केळीला ओतलं, नाक्यावर जाऊन हंडा पुन्हा भरून आणला आणि ठेवला. उद्याही ठेवीन. तो नाही प्यायला तरी ठेवीन.